काळ्यांच्या कॉलेजात कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शिक्षण पुरवणीत गेल्या रविवारी बारावीनंतर अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी सल्ला आला होता. व्हिसा, खर्च आणि बँकेचं कर्ज यांबद्दलचा मजकूर उपयोगी होता, तो मी कापून ठेवला आहे. पण शेवटच्या चौकटीत, कोणती कॉलेजं टाळावीत हे सांगताना, क्रमवारीत नसलेल्या छोट्या कॉलेजांच्या जोडीला कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली कॉलेजंही एकाच ओळीत टाकून दिली होती. कारण दिलं नव्हतं. वाचकाला ते न सांगताच कळेल असं लेखकाने धरलं असावं, आणि मला बोलायचं आहे ते नेमकं त्या गृहीतकाबद्दल.

सोमवारी संध्याकाळी एक आई मुलीला घेऊन माझ्या घरी आल्या. मुलीला अलाबामातल्या अशाच एका कॉलेजचं प्रवेशपत्र आलेलं, फीमध्ये सवलतही बरी. आईंच्या पिशवीत आपली पुरवणी घडी करून ठेवलेली. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही तिकडे शिकलात म्हणून विचारते, राग मानू नका. पण काळ्यांच्या कॉलेजात कशाला?” त्यांना मी घरी जे उत्तर दिलं तेच जरा विस्ताराने इथं देते, कारण हा प्रश्न त्या एकट्यांचा नाही.

होय, मी तिथं शिकले. २००२ साली बडोद्याच्या कारेलीबागेतून निघाले आणि अलाबामा राज्यातल्या टॅलडेगा कॉलेजात समाजकार्याच्या पदवीसाठी दाखल झाले. वडील रेल्वेत, प्रतापनगरला. आई शिवणकाम करायची. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. टॅलडेगा हे नाव आमच्या फळियात, म्हणजे गल्लीत, पोचलं ते शेजारच्या पटेलकाकांमुळे. बर्मिंगहॅमहून अटलांटाला जाणाऱ्या हमरस्त्यावर त्यांच्या धाकट्या भावाचं मोटेल होतं आणि तिथं हिशेब बघणारी बाई या कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. तिने मालकाला सांगितलं, त्यांनी फोनवर भावाला, आणि पटेलकाकांनी ओट्यावर बसून माझ्या वडिलांना. क्रमवारी कुणी पाहिली नाही. खर्च कसाबसा झेपत होता, थोडी शिष्यवृत्ती मिळत होती आणि मुलीकडे लक्ष ठेवीन असा शब्द त्या बाईने दिला होता. वडिलांनी तेवढ्यावर मला पाठवलं.

आता हे कॉलेज आलं कुठून, ते सांगायला हवं, कारण पुरवणीत त्याबद्दल अक्षर नव्हतं. गुलामगिरीच्या काळात अलाबामात काळ्या माणसाला लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. १८३२ च्या कायद्याने त्यासाठी २५० ते ५०० डॉलर दंड ठेवला होता. यादवी युद्ध संपलं १८६५ साली. त्याच वर्षी नोव्हेंबरात विल्यम सेव्हरी आणि थॉमस टॅरंट हे दोघे, कालपरवापर्यंत गुलाम असलेले, मोबील शहरात मुक्त झालेल्या लोकांच्या सभेला गेले. आपल्या मुलांचं शिक्षण झालं नाही तर मिळालेलं स्वातंत्र्य टिकणार नाही, असं त्या सभेत ठरावाने मांडलं गेलं. गावी परतल्यावर त्यांनी एका ओस पडलेल्या सुतारकारखान्याचं लाकूड काढून एका खोलीची शाळा उभी केली. ती बघता बघता अपुरी पडू लागली. गावातच गोऱ्या मुलांसाठी बांधलेली विटांची मोठी इमारत होती. ती बांधली जात असताना सेव्हरी आणि टॅरंट तिथं गुलाम म्हणून राबले होते. कर्जापायी ती विकायला निघाल्याचं कळताच दोघांनी मुक्त झालेल्या लोकांसाठीच्या सरकारी खात्याचे अलाबामातले प्रमुख जनरल स्वेन यांना गाठलं, आणि त्यांच्या खटपटीमुळे अमेरिकन मिशनरी असोसिएशनने ती इमारत व भोवतालची सुमारे वीस एकर जमीन २३,००० डॉलरला विकत घेतली. १८६७ च्या नोव्हेंबरात तिथं सुमारे १४० मुलं शिकायला बसली. ती इमारत अजून उभी आहे, स्वेन हॉल म्हणतात तिला. मी त्याच इमारतीत वर्गाला बसत असे.

कॉलेजच्या ग्रंथालयाला सेव्हरींचं नाव आहे. १९३९ साली ते बांधून झालं, आणि दारातून आत शिरताच जमिनीवर एक जहाज दिसतं, फरशीतच बसवलेलं. त्या जहाजावर पाय द्यायचा नाही असा शिरस्ता आहे. पहिल्याच दिवशी वरच्या वर्गातल्या एका मुलीने माझा दंड धरून मला कडेने नेलं, तेव्हा आईने देवघराच्या उंबऱ्यावरून मागे ओढावं तसं वाटलं. जहाजाचं नाव अमिस्ताद. १८३९ साली क्यूबाच्या किनाऱ्याजवळ या जहाजावरच्या आफ्रिकन बंदिवानांनी सेंगबे पिए या तरुणाच्या पुढाकाराने उठाव केला. ते अमेरिकेत पकडले गेले, खटला चालला, माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स त्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले आणि १८४१ साली त्यांची सुटका झाली. त्यांच्यासाठी पैसा आणि वकील उभे करणाऱ्या माणसांमधूनच पुढे ती मिशनरी संस्था निघाली, जिने टॅलडेगाची इमारत घेतली. हेल वूड्रफ या चित्रकाराने हा सगळा इतिहास ग्रंथालयाच्या भिंतींसाठी मोठमोठ्या चित्रांत रंगवला. माझं आवडतं चित्र कॉलेजच्या पहिल्या दिवसाचं. नाव घालायला आलेल्या माणसांची गर्दी, आणि फीच्या बदल्यात कुणी कोंबडी आणली आहे, कुणी डुक्कर, कुणी शेतातला माल. परीक्षेचा अभ्यास करता करता डोळे वर गेले की ते चित्र समोर असे.

ते चित्र मला परकं वाटलं नाही, याचं कारण माझ्या घरात आहे. माझे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या अंत्यज शाळेत, म्हणजे अस्पृश्य मुलांसाठीच्या शाळेत, शिकले. १८८०च्या दशकात बडोदा संस्थानात या शाळा निघाल्या तेव्हा सवर्ण शिक्षक तिथं यायला तयार नसत. मुसलमान शिक्षकांनी त्या शाळा चालवल्या, नंतर पंजाबातून मास्टर आत्माराम अमृतसरी आले आणि आर्यसमाजी मंडळींनी त्या वाढवल्या. पणजोबा चौथी शिकले, पण सही मोडीतही करत आणि देवनागरीतही, हे आमच्या घरात अजून अभिमानाने सांगतात. टॅलडेगातही तसंच, तिथल्या पहिल्या गोऱ्या शिक्षकांशी गावातले गोरे लोक बोलत नसत. त्यातलंच एक उदाहरण विज्ञानाच्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. रेडिओच्या प्रसाराला ज्या निर्वात नळीने वाट करून दिली ती १९०६ साली काढणारे ली डी फॉरेस्ट यांचं बालपण याच आवारात गेलं. वडील कॉलेजचे अध्यक्ष होते. गोऱ्या घरांनी या कुटुंबाला दूर ठेवलं, म्हणून त्या मुलाचे सवंगडी काळी मुलं होती.

आता सेवेबद्दल. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य असतंच, ते आपल्या सयाजीराव विद्यापीठातही आहे. पण तिथं जाणवलेली गोष्ट निराळी होती. गणिताची मुलगी असो की संगीताची, गावासाठी तू काय करतेस हा प्रश्न तिला कुणीही विचारत असे. प्राध्यापक विचारत, स्वयंपाकघरातल्या बायका विचारत, रविवारी चर्चमधले आजोबा विचारत. उत्तर नसलेलं मूल तिथं अवघडून जाई.

टॅलडेगा गावात मूकबधिर आणि अंध मुलांची फार जुनी शाळा आहे, १८५८ सालची. पहिल्या वर्षी माझी इंग्रजी इतकी कच्ची होती की वर्गात तोंड उघडायची भीती वाटे. आमच्या विभागातल्या बाईंनी मला त्या मुलांकडे पाठवलं. म्हणाल्या, तिथं इंग्रजी बोलावं लागणार नाही, हात वापरायला शीक. मी खुणांची भाषा शिकले आणि एका मुलाला बेरजा शिकवू लागले. इंग्रजीची भीती कधी गेली ते कळलंही नाही. (आपल्याकडच्या खुणा वेगळ्या, त्या परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून शिकाव्या लागल्या.)

शेवटच्या वर्षाचं काम मात्र मी विसरणं शक्य नाही. २००५ च्या ऑगस्ट अखेरीस कॅटरिना वादळ आलं. न्यू ऑर्लीन्समधली डिलर्ड आणि झेवियर ही आमच्यासारखीच दोन कॉलेजं पाण्यात गेली, तिथली मुलं देशभर मिळेल त्या कॉलेजात पांगली. आम्ही वसतिगृहात कपडे, चादरी, साबण गोळा करत होतो. ते काम आवरतं न आवरतं तोच नोव्हेंबरात वृद्धांसाठी औषधांच्या नव्या सरकारी विमा योजनेची नोंदणी सुरू झाली. योजना सरकारी, पण विमा खासगी कंपन्यांचा, आणि प्रत्येक कंपनीची औषधांची यादी निराळी. आपलं रक्तदाबाचं औषध कोणत्या यादीत आहे हे शोधायचं तर संगणक हवा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे तो कुठला असणार? आमच्या बाईंनी चर्चच्या तळघरात तीन संगणक मांडले आणि आम्हाला शनिवारी तिथं बसवलं. माणसं औषधांच्या बाटल्या कागदी पिशवीत भरून आणत. आम्ही एकेक बाटली हातात घेऊन नाव टाईप करायचो, कोणती योजना स्वस्त पडते ते काढायचो आणि मोठ्या अक्षरात लिहून द्यायचो.

त्यात एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. कापसाच्या शेतात आयुष्य गेलेलं, बोटं वाकलेली. अर्जावर सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी पेन हातात घेऊन मला विचारलं, “इथं सही केली म्हणजे नंतर काही परीक्षा घेणार नाहीत ना?” मला अर्थ लागला नाही. शेजारच्या मुलीने नंतर समजावलं. १९६५ च्या मताधिकार कायद्यापूर्वी अलाबामात मतदार म्हणून नाव घालायला गेलेल्या काळ्या माणसाची परीक्षा घेत, आणि ती अशी घेत की तो नापासच व्हावा. त्या आजी तरुणपणी त्या खिडकीवरून परत पाठवल्या गेल्या होत्या. सरकारी कागद समोर आला की चाळीस वर्षांनंतरही त्यांच्या मनात तीच धास्ती. आमच्या बाई मला एवढंच म्हणाल्या, की कागद भरून देणं हे कारकुनाचं काम समजू नकोस, समोरच्या माणसाला त्या कागदाने पूर्वी काय केलं आहे ते आधी विचार. मी आज बडोद्यात वस्तीतल्या बायकांचे आयुष्मान कार्डाचे अर्ज भरते, रेशनकार्डाच्या केवायसीसाठी त्यांच्याबरोबर रांगेत उभी राहते. विश्वामित्रीच्या काठच्या ज्या घरांत २०२४ च्या ऑगस्टात पुराचं पाणी शिरलं, त्यांचे नुकसानभरपाईचे कागद आम्ही केले. अंगठा पुढे करताना थबकणारी बाई दिसली की मी घाई करत नाही. हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलेलं नाही.

खाण्यापिण्याची चिंता त्या आईंनाही होती, म्हणून सांगते. अलाबामातल्या स्वयंपाकघरात भेंडी आहे, मक्याची भाकरी आहे, पालेभाजी शिजवून शिजवून मऊ केलेली असते (त्यात डुकराचं मांस घालतात, शाकाहारी असाल तर आधी विचारा), नववर्षाच्या दिवशी चवळी खाल्लीच पाहिजे असं मानतात आणि रस्त्याच्या कडेला उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात. मला सेवउसळीची आठवण येई, बाकी उपाशी राहिले नाही.

शेंगांवरून कार्व्हर आठवले. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. किती घरांत मुलांना वाढदिवसाला त्यांचं चरित्र भेट मिळतं! ते १८९६ साली टस्कगीला गेले आणि १९४३ साली मरेपर्यंत तिथंच राहिले. टस्कगी हीदेखील याच अलाबामात, काळ्या लोकांसाठी १८८१ साली निघालेली संस्था. तिथल्या विद्यार्थ्यांनी विटा स्वतः पाडल्या, भाजल्या आणि आपल्या इमारती बांधल्या. १९०६ साली कार्व्हर यांच्या कल्पनेतून शेतीची अवजारं आणि बियाणं घातलेली एक गाडी खेडोपाडी फिरू लागली, शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन शिकवणारी शाळाच ती. त्याच १९०६ साली आपल्या बडोदा संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सगळीकडे लागू झालं. कार्व्हरांचं चरित्र वाचून ज्यांचे डोळे भरून येतात, त्याच घरांत त्यांच्या जातकुळीच्या कॉलेजचं प्रवेशपत्र आलं की आवाज खाली का येतो? मला हे खरोखर विचारायचं आहे. पुस्तकातल्या काळ्या माणसाचा आदर करायचा आणि आपली मुलगी त्याच्या शेजारच्या बाकावर बसू द्यायची नाही, हे आपल्याला शोभतं का?

आणि हे बडोद्यात तरी चालू नये. याच शहराच्या राजाने १९१३ साली भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. करारानुसार नोकरीसाठी ते १९१७ च्या सप्टेंबरात इथं आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. एका पारशी सराईत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला. शहरातल्या एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राने आपापल्या घरच्या अडचणी सांगितल्या. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठीबागेत काढला. दर २३ सप्टेंबरला तिथं आम्ही जमतो, आपल्या दैनिकात फोटोही येतो.

ही हकिकत मी टॅलडेगाला सांगितली आहे. फेब्रुवारी हा तिकडे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, तेव्हा मला बोलायला उभं केलं होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, इथून सुरुवात केली. गांधीजी सगळ्यांना माहीत होते, आंबेडकर फार थोड्यांना. बोलून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, “मग शेवटी त्यांना खोली कुणी दिली?” मी म्हटलं, कुणीच नाही. सभागृहात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. मग आमच्या बाईंनी ज्युलिएट डेरिकॉट यांच्याबद्दल सांगितलं. टॅलडेगाच्या १९१८ च्या पदवीधर, पुढे कॉलेजच्या विश्वस्त मंडळावरची पहिली स्त्री. १९२८ साली म्हैसूरला विद्यार्थ्यांची जागतिक परिषद भरली होती, तिला त्या आल्या होत्या आणि पुढे काही आठवडे भारतात राहिल्या. परत जाऊन त्या फिस्क विद्यापीठात विद्यार्थिनींच्या प्रमुख झाल्या. १९३१ साली जॉर्जियात मोटारीचा अपघात झाला. जवळच्या रुग्णालयात काळ्यांना दाखल करत नव्हते. त्यांना एका काळ्या बाईच्या घरी ठेवलं, तिथून दूरच्या शहरात नेलं आणि दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. शिकलेली, जग पाहिलेली, मोठ्या पदावरची बाई. कामाठीबागेतला तरुणही शिकलेला आणि मोठ्या पदावर नेमलेलाच होता.

अशा अनुभवातून गेलेल्या माणसांनी स्वतःची कॉलेजं काढली, ती सगळ्यांना खुली ठेवली आणि जोपासली. आज अमेरिकेत ती शंभराच्या आसपास आहेत. १९६४ पूर्वी, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेली संस्था अशी त्यांची व्याख्या १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यात आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी पंधराव्या वर्षी त्यांतल्याच मोअरहाउसमध्ये प्रवेश घेतला. त्याच मोअरहाउसचे जुने विद्यार्थी हॉवर्ड थर्मन १९३६ साली आपल्याजवळच्या बारडोलीला येऊन गांधीजींना भेटून गेले होते. आपल्याकडेही बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद काढलं, भाऊरावांनी साताऱ्यात कमवा आणि शिका चालवलं. मिलिंदबद्दल नाक मुरडणारे लोकही मी ऐकले आहेत. ते लोक आणि आपल्या चौकटीतली ती ओळ एकाच ठिकाणाहून आली आहे, असं मला वाटतं.

पालकांना अडचणीही सांगते, कारण प्रेमापोटी काही लपवणं बरं नाही. या छोट्या कॉलेजांकडे पैसा नेहमीच कमी. डॅलसचं बिशप कॉलेज १९८८ साली बंद पडलं, व्हर्जिनियातलं सेंट पॉल्स २०१३ साली. म्हणून प्रवेश घेण्याआधी त्या भागातल्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या अधिमान्यता मंडळाची मान्यता चालू आहे का, ते मंडळाच्या यादीत स्वतः बघा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका. फीची सवलत चारही वर्षं राहणार का आणि त्यासाठी किती गुण टिकवावे लागतील, हे लेखी घ्या. अमेरिकन मुलांना मिळणारी केंद्र सरकारची मदत आणि तिच्यातून चालणारी कामं परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाहीत. कॉलेजच्या आवारात सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करता येतं, पण ते काम उपलब्ध असायला हवं. गावात बस नसते, मोटार नसलेल्या मुलाला किराणा आणण्यासाठीही कुणाची तरी वाट बघावी लागते. महागड्या उपकरणांवर संशोधन करायचं स्वप्न असेल तर अशा कॉलेजची प्रयोगशाळा कदाचित पुरणार नाही. हे सगळं तपासा आणि नाही म्हणावंसं वाटलं तर जरूर म्हणा. माझी त्याला हरकत नाही. कातडीचा रंग हे कारण मात्र त्या यादीत नको.

उलट बाजूलाही एक गोष्ट मांडा. माझ्या वर्गात मोजकीच मुलं असत. गैरहजर राहिले तर संध्याकाळी प्राध्यापिका खोलीचं दार वाजवत. मराठी माध्यमातून गेलेल्या, घरातून पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या मुलीला हजारोंच्या विद्यापीठात कुणी ओळखलंही नसतं. पालकांना भीती असते मुलगी एकटी पडेल याची, आणि ज्या कॉलेजांत ती एकटी पडण्याची शक्यता सगळ्यात कमी तीच ते खोडून टाकतात.

संपादक महाशय, माझी विनंती दोन गोष्टींची. पहिली, चौकटीतल्या त्या ओळीबद्दल खुलासा छापावा, किंवा ती ज्यांनी लिहिली त्यांनी कारण द्यावं. दुसरी, प्रवेशाच्या पुढच्या हंगामात पुरवणी काढाल तेव्हा त्यात अर्धं पान या कॉलेजांना द्यावं. माहिती मी गोळा करून, तपासून, विनामोबदला लिहून देईन. राष्ट्रीय सेवा योजना आपल्याकडे १९६९ पासून आहे, पण कित्येक ठिकाणी ती प्रमाणपत्रापुरती उरली आहे. आपल्या शहरातली मुलं ज्या विषयात शिकतात त्याच विषयातून वस्तीच्या कामी कशी येतील, याबद्दलही मला एकदा सविस्तर लिहायचं आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांनी शनिवारी चार अर्ज भरून दिले तरी आमच्याकडच्या रांगा कमी होतील.

त्या आई आणि मुलगी येत्या रविवारी पुन्हा येणार आहेत. त्या बाईंशी, म्हणजे मोटेलात हिशेब बघणाऱ्या माझ्या पाठीराखीशी, मी त्यांचं फोनवर बोलणं करून देणार आहे. त्या आता निवृत्त आहेत. आणखी कुणा पालकांना काही विचारायचं असेल तर माझा पत्ता आपल्या बडोद्याच्या प्रतिनिधीकडे देऊन ठेवला आहे. रविवारी सकाळी मी घरीच असते. मुलांना बरोबर आणावं, त्यांच्याशीच बोलायला मला जास्त आवडेल.

आपली नियमित वाचक,
एक समाजकार्यकर्ती
कारेलीबाग, वडोदरा